पडद्यावरची साक्ष

पाऊस कोसळतोय. प्राध्यापक रॅडिसन घाईघाईने रस्ता ओलांडायला जातो आणि एक गाडी त्याला उडवून निघून जाते. हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक कट्टर निरीश्वरवादी. सत्राच्या पहिल्याच तासाला त्याने वर्गातल्या मुलांना ‘देव मेला आहे’ असं कागदावर लिहून सही करायला लावलेली असते. एकच मुलगा नकार देतो आणि तिथून सगळा सिनेमा सुरू होतो. आता तोच प्राध्यापक भर रस्त्यात उताणा पडलाय, श्वास अडकतोय. नेमका त्याच चौकात एक पाळक आपल्या मिशनरी मित्राबरोबर गाडीत बसलेला असतो. तो धावत येतो, पावसात त्याच्या शेजारी गुडघे टेकतो आणि शेवटच्या काही श्वासांत त्याला येशूकडे वळवतो. तिकडे जवळच्याच सभागृहात ख्रिस्ती बँडचा कार्यक्रम रंगात आलेला असतो आणि तिथली माणसं मोबाइलवरून ओळखीच्या सगळ्यांना ‘देव मेलेला नाही’ असा संदेश पाठवत असतात.

२०१४ साली आलेल्या ‘गॉड्स नॉट डेड’चा हा शेवट. साधारण २० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने एकट्या अमेरिकेत ६ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. पुढे त्याचे आणखी भाग निघाले. समीक्षकांनी तो जवळपास एकमुखाने झोडपला आणि चर्चेसनी बस भरभरून माणसं थिएटरात नेली.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘पटणं आणि पटवणं’ हा विषय दिला तेव्हा मला आधी हा पावसातला प्राध्यापक आठवला. नास्तिक माणसाने हा सिनेमा पाहिला तर त्याला त्यात काय दिसेल? त्याच्या बाजूने बोलणारा एकच माणूस, तोही उर्मट. आई लहानपणीच गेली म्हणून देवावर रागावलेला, म्हणजे त्याच्या सगळ्या युक्तिवादामागे विचार काहीच नाही, नुसती जखम. आणि शेवटी तो गाडीखाली. असा सिनेमा पाहून कोणाचं मत बदलेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मी वारकरी घरातली. ख्रिस्ती नाही. पण श्रद्धा पडद्यावर कशी उभी राहते हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, आणि ज्यांची श्रद्धा खरी आहे त्यांच्या वाट्याला कच्चे सिनेमे यावेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सिनेमे कसे बनतात, कोण पाहतं आणि पाहून झाल्यावर माणसं काय बोलतात, ते बघायला मी निघाले.

चर्चचं युनिट

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ऑल्बनी नावाचं गाव आहे. तिथल्या शेरवुड बॅप्टिस्ट चर्चमध्ये ॲलेक्स आणि स्टीफन केंड्रिक हे दोघे भाऊ पाळकांच्या हाताखाली काम करायचे. २००३ मध्ये त्यांनी मंडळीतल्याच माणसांना घेऊन ‘फ्लायव्हील’ काढला. गिऱ्हाइकांना फसवणारा जुन्या गाड्यांचा विक्रेता सुधारतो, अशी गोष्ट. खर्च सुमारे २० हजार डॉलर. नट मंडळीतले, कॅमेऱ्यामागची माणसं मंडळीतली, जेवणाचे डबे करणाऱ्या बायकाही मंडळीतल्याच. आपल्याकडे हौशी नाटक मंडळी गणपतीत नाटक बसवतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे रंगमंच पुढे सगळ्या देशभर पसरला. २००६ चा ‘फेसिंग द जायंट्स’ सुमारे १ लाख डॉलरचा आणि कमाई १ कोटीच्या आसपास. २००८ चा ‘फायरप्रूफ’ ५ लाखांचा, कमाई ३ कोटी ३० लाख. २०११ चा ‘करेजस’ साधारण २० लाखांचा, कमाई ३ कोटी ४० लाखांच्या घरात. हॉलिवुडनेही ख्रिस्ती सिनेमांसाठी वेगळे विभाग उघडले.

‘फायरप्रूफ’मध्ये मोडकळीला आलेला संसार सावरणारा अग्निशामक दलाचा जवान आहे. ते काम कर्क कॅमेरनने केलं. कॅमेरनचा नेम असा की आपल्या बायकोखेरीज कोणाही स्त्रीचं पडद्यावर चुंबन घ्यायचं नाही. पण गोष्टीच्या शेवटी नवराबायकोचं मनोमिलन दाखवायचं तर ते टाळता येत नव्हतं. मग त्या एका दृश्यासाठी त्याची खरी बायको चेल्सी नोबल हिला विमानाने बोलावलं, नायिकेचे कपडे तिच्या अंगावर चढवले आणि पाठीमागून उजेड देऊन दोघांच्या फक्त आकृत्या टिपल्या. या गोष्टीची पुष्कळ टिंगल झाली. मला मात्र त्यात या सिनेमांची खरी ताकद दिसते. जे बोलतो तेच जगायचं, त्यासाठी सोय-गैरसोय बघायची नाही, असा हट्ट धंदेवाईक सिनेमात कुठे सापडतो?

हाच हट्ट पटकथेत आला की मात्र नुकसान करतो. ‘फेसिंग द जायंट्स’मधल्या फुटबॉल प्रशिक्षकाचा संघ सतत हरतो, गाडी रोज बंद पडते, घरात कसली तरी घाण मारते आणि मूल होत नाही. तो सगळं देवावर सोपवतो. मग संघ राज्यात पहिला येतो, दारात नवी कोरी गाडी उभी राहते आणि बायकोला दिवस जातात. मागितलेलं सगळं मिळतं, वर व्याजही मिळतं. ज्याच्या घरी पाळणा हललाच नाही त्या प्रेक्षकाने हे बघून घरी जाताना काय न्यावं?

आणि याच सिनेमात एक दृश्य असं आहे की ते ख्रिस्ती नसलेल्या माणसांनीही हजारदा पाहिलं असेल. संघातला दांडगट मुलगा ब्रॉक आधीच हार मानून बसलाय. प्रशिक्षक त्याला पाठीवर एक गडी घेऊन, गुडघे जमिनीला न टेकवता, हातापायांवर रांगायला लावतो. पन्नास यार्डांपर्यंत जा म्हणतो आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो, म्हणजे किती आलो हे त्याला कळणार नाही. मुलगा रांगू लागतो. आधी बाकीची पोरं हसत असतात, मग एकेक गप्प होतो. हात थरथरतात, तो रडकुंडीला येतो आणि प्रशिक्षक त्याच्या कानाशी स्वतः रांगत ओरडत राहतो. तो कोसळतो, पट्टी सुटते, तेव्हा कळतं की पोराने अख्खं मैदान पार केलंय. हौशी नट, साधा कॅमेरा, पण अंगावर काटा येतो. कारण इथे देव कोणाला काही आयतं देत नाही. एक शरीर दमतं आणि आपण ते दमणं बघतो.

तिकीट कोण काढतं

सिनेमा कसा होतो हे बऱ्याचदा तिकिटावर ठरतं. या सिनेमांचा व्यवहार कसा चालतो ते समजलं की त्यांचे गुणदोष आपोआप उलगडतात.

पहिला मोठा धडा २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ने दिला. मेल गिब्सनने तो स्वतःच्या पैशाने, सुमारे ३ कोटी डॉलर घालून, अरामाइक, हिब्रू आणि लॅटिन भाषांत काढला. प्रदर्शनाआधी कितीतरी पाळकांना खास खेळ दाखवले. पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं, मंडळ्यांनी पूर्ण खेळच्या खेळ विकत घेतले आणि जगभरची कमाई ६१ कोटींच्या वर गेली. ज्यूंचं चित्रण द्वेषाला खतपाणी घालणारं आहे असा आक्षेप ज्यू संघटनांनी घेतला, त्यावर मोठा वाद झाला. पण धंद्याच्या बाजूने वाट दिसली होती: पाळकाला पटलं की थिएटर भरतं.

तेव्हापासून साधारण हीच रीत आहे. आधी पाळकांसाठी खेळ. मग प्रवचनांची टिपणं, तरुणांच्या अभ्यासवर्गांसाठी पुस्तिका, एकगठ्ठा तिकिटं. ‘फायरप्रूफ’मधला नायक चाळीस दिवस एक वही वाचून बायकोशी नीट वागायला शिकतो. ही वही मुळात गोष्टीपुरती होती. पुढे ती ‘द लव्ह डेअर’ नावाने खरंच छापली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. ‘साउंड ऑफ फ्रीडम’च्या वेळी, २०२३ मध्ये, सिनेमा संपल्यावर मुख्य नट पडद्यावर येऊन सांगायचा की ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तुम्ही तिकीट काढा, समोरचा कोड मोबाइलने टिपायचा आणि पैसे भरायचे. त्या सिनेमाने अमेरिकेत १८ कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

पहिल्या शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरतात त्यावर सिनेमा किती थिएटरांत टिकणार हे ठरतं, म्हणून ही सगळी धावपळ. पण पाळकाला सिनेमा आधी दाखवायचा म्हटल्यावर पटकथा लिहिणाराही पाळकाच्या नजरेनेच लिहू लागतो. शिवी नको, दारूचा पेला नको, शेवट अर्धवट नको. संशय घेणारं पात्र ठेवलंच तर शेवटच्या रिळापर्यंत त्याचं समाधान करून टाकायचं. तिकीट काढणाऱ्याला तर सगळं आधीच पटलेलं असतं, आणि सिनेमा नाव मात्र न पटलेल्याचं घेत राहतो.

अमेरिकेत पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून गुण भरून घेतात. २०१५ च्या ‘वॉर रूम’ला तिथे सर्वोच्च श्रेणी मिळाली, तर समीक्षकांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शाला तो बरा वाटला. दोघेही खरंच बोलत होते. प्रेक्षक आपल्या घरचं कार्य बघून आले होते, समीक्षक सिनेमा बघून.

नगरच्या हॉलमध्ये

‘वॉर रूम’ मी नगरला पाहिला. कागदोपत्री आता अहिल्यानगर; बोलताना अजून सगळे नगरच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे ठाणं मांडलं. रेव्हरंड ना. वा. टिळक इथेच राहिले, मराठी ख्रिस्ती समाजाच्या कितीतरी पिढ्या या गावात वाढल्या. उपवासकाळातली शनिवारची संध्याकाळ होती. चर्चशेजारच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधलेली, मागच्या टेबलावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. महिला मंडळाने चहा आणि खारी ठेवलेली.

सिनेमा इंग्रजीत, खाली मराठी अक्षरं नाहीत. पाळकसाहेब लॅपटॉपजवळ बसले होते. दर पाच-सात मिनिटांनी ते सिनेमा थांबवायचे, उभे राहून झालेलं मराठीत सांगायचे, पुढे काय होणार त्याची थोडी उत्सुकता लावायचे आणि बसायचे. एलिझाबेथ घरं विकायचं काम करते, तिचा नवरा टोनी औषधांच्या कंपनीत विक्री करतो, दोघांचं पटत नाही, त्याचं दुसरीकडे लक्ष लागतंय. घर विकायला काढलेल्या म्हाताऱ्या मिस क्लाराची एलिझाबेथशी गाठ पडते. क्लाराने कपड्यांच्या कपाटाची खोली रिकामी करून तिथे प्रार्थनेची जागा केलीय, भिंतीवर चिठ्ठ्या डकवल्यात. तीच तिची युद्धाची खोली. क्लारा सुरा दाखवणाऱ्या चोराला येशूच्या नावाने दरडावते, तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कॅरेन ॲबरक्रॉम्बी या नटीने ती म्हातारी अशी काही उभी केली आहे की तिच्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पाहीन.

मग तो प्रसंग आला. टोनी परगावी एका बाईबरोबर हॉटेलात जेवायला बसलाय. इकडे एलिझाबेथ कपाटात गुडघ्यांवर. तिकडे टोनीच्या पोटात अचानक कळ येते, त्याला उठून पळावं लागतं आणि पाप टळतं. पुढे तो सुधारतो, नोकरीतली चोरी कबूल करतो, लेकीबरोबर दोरीवरच्या उड्यांच्या स्पर्धेत उतरतो.

दिवे लागले, प्रार्थना झाली, चहा सुरू झाला. एक वयस्क बाई कप हातात घेऊन पाळकसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, असं नंतर कळलं. म्हणाल्या, “साहेब, हिचा नवरा जेवता जेवता पोटात दुखून परत आला. माझ्या लेकीचा नाही आला. तीपण रोज दार लावून गुडघ्यांवर बसते. मग तिच्या प्रार्थनेत काय कमी पडलं?”

आजूबाजूचे बोलायचे थांबले. पाळकसाहेबांनी घाई केली नाही. “कमी काहीच नाही पडलं, मावशी,” ते म्हणाले. “बायबलात ईयोब आहे. स्तोत्रांमध्ये किती गाऱ्हाणी आहेत, तुम्हाला पाठ आहेत. या सिनेमावाल्यांनी ती पानं घेतली नाहीत.”

बाईंनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, आणि झाल्यासारखं त्यांनी दाखवलंही नाही. त्या दोन मिनिटांत जे घडलं ते सिनेमात कुठेच नव्हतं. माझ्या दृष्टीने त्या संध्याकाळचा सगळ्यात पटणारा प्रसंग तोच.

दोन खांबांमधलं कापड

चहाच्या त्याच गर्दीत एक म्हातारे सुवार्तिक भेटले. तरुणपणी ते गावोगाव ‘येशू’ सिनेमा दाखवत फिरले होते. हा सिनेमा १९७९ चा. जॉन हेमन यांनी तो काढला, अमेरिकेतल्या कॅम्पस क्रूसेड या संस्थेने, तिचे संस्थापक बिल ब्राइट यांच्या पुढाकाराने, तो जगभर नेला. ब्रायन डीकन या इंग्लिश नटाने येशूचं काम केलं, चित्रण इस्राएलमध्ये झालं, संवाद जवळजवळ सगळे लूकच्या शुभवर्तमानातले. आजवर तो २ हजारांहून जास्त भाषांत डब झालाय. इतक्या भाषांत गेलेला दुसरा सिनेमा नाही. मराठी त्यातली एक.

“जीपमध्ये प्रोजेक्टर, जनरेटर, रिळांचे डबे,” आजोबा सांगत होते. “शाळेसमोर दोन खांब बघायचे नि कापड ताणायचं. कापड पातळ असायचं, म्हणून अर्धी माणसं पलीकडून बघत बसायची. रीळ बदलायला वेळ लागायचा, तेवढ्यात मी उभा राहून बोलायचो. फटके मारायचा प्रसंग आला की बाया रडायच्या. एका गावात पोरांनी त्या शिपायांना दगड मारले, कापड फाटलं.”

आणि शेवटी? “शेवटी प्रार्थना असायची. अंधारात हात वर व्हायचे, आम्ही मोजून वहीत लिहायचो. पण खरं सांगू का, त्यातले बरेचसे हात भल्या माणसाला नमस्कार म्हणून वर व्हायचे. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर येशूचं चित्र देव्हाऱ्यात, खंडोबाच्या शेजारी.”

तेलुगूत ‘येशू’च्या एक वर्ष आधी, १९७८ मध्ये, ए. भीमसिंग यांचा ‘करुणामयुडु’ आला होता. विजयचंदर यांनी त्यात येशू केला. तो हिंदीत ‘दयासागर’ म्हणून फिरला आणि देशभर फिरत्या पडद्यांवर पुष्कळ वर्षं चालला. गाणी, डोळ्यांतली करुणा, संथ लय, सगळं आपल्या पौराणिक सिनेमाच्या वळणाचं. इथल्या प्रेक्षकाला देव पडद्यावर बघायची सवय होतीच, त्या सवयीला धरूनच तो सिनेमा बोलत होता. इस्राएलमध्ये टिपलेल्या, जपून डब केलेल्या ‘येशू’पेक्षा तो मनाला लवकर भिडायचा, असं आजोबांचंही मत पडलं.

आता हे फिरते खेळ जवळपास थांबलेत. माणसं मोबाइलवर बघतात, आणि गावात कापड ताणलं तर आधी संशयाने विचारणा होते. आजोबांनी रिळांचे दोन डबे अजून माळ्यावर ठेवलेत.

एक शुभवर्तमान, एक निरीश्वरवादी

‘येशू’ने एकच शुभवर्तमान घेतलं, जवळजवळ शब्दाला शब्द. त्याआधी पंधरा वर्षं हेच एका माणसाने केलं होतं, आणि तो श्रद्धावान नव्हता. पिएर पाओलो पासोलिनी. कवी, कम्युनिस्ट, उघड निरीश्वरवादी. १९६२ मध्ये तो असिसीला गेला होता. पोप तेविसावे जॉन त्याच वेळी तिथे आल्यामुळे रस्ते तुंबले आणि तो खोलीतच अडकला. तिथे पडलेलं शुभवर्तमान त्याने उचललं आणि एका बैठकीत वाचून काढलं. १९६४ मध्ये त्याने मत्तयच्या शुभवर्तमानावर सिनेमा केला आणि तो याच पोपच्या स्मृतीला अर्पण केला.

दक्षिण इटलीतल्या मातेराच्या दगडी वस्तीत त्याने चित्रण केलं. नट घेतलेच नाहीत. येशू म्हणून एन्रिके इराझोकी नावाचा अर्थशास्त्र शिकणारा स्पॅनिश विद्यार्थी, बाकी शेतकरी, दात पडलेल्या म्हाताऱ्या, उन्हाने रापलेले मजूर. वृद्ध मरिया म्हणून स्वतःची आई.

त्याची सुरुवात बघा. एका तरुण मुलीचा चेहरा, ती नजर खाली घेते. एका पुरुषाचा चेहरा, तो तिच्याकडे बघतोय. मग ती पूर्ण दिसते आणि आपल्याला कळतं, तिचे दिवस भरत आलेत. दोघांत एक शब्द नाही. तो वळतो आणि चालायला लागतो. योसेफाला बसलेला धक्का, त्याचा संशय, तिचं गप्प राहणं, सगळं आपण आधी भोगतो. देवदूत नंतर येतो. तोवर आपणही योसेफाच्या जागी जाऊन पोचलेलो असतो, म्हणून देवदूताचं बोलणं आपल्यालाही लागू पडतं.

पुढे येशू झपाझप चालत बोलतो. मागून येणाऱ्या शिष्यांकडे खांद्यावरून मान वळवून एक वाक्य टाकतो, पुन्हा चालतो. हा माणूस घाईत आहे आणि आपल्या मागे येणं सोपं नाही, हे त्या चालीतच दिसतं. ‘येशू’मध्ये डीकन उभा राहून शांतपणे शिकवतो, केस नीट विंचरलेले. शब्द तेच असू शकतात. एकाने ते ऐकवले, दुसऱ्याने ते जगात सोडले.

व्हेनिसला पासोलिनीच्या सिनेमाला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं आणि कॅथलिक चित्रपट संघटनेचंही मिळालं. १९९५ मध्ये व्हॅटिकनने महत्त्वाच्या ४५ सिनेमांची यादी केली, त्यातही तो आहे. ज्याला स्वतःला पटलं नव्हतं त्याने काढलेला सिनेमा चर्चला इतका पटावा, यात मला विरोधाभास वाटत नाही. पासोलिनीला शेवट ठाऊक असल्याचा आव आणायचा नव्हता. प्रत्येक दृश्यात तो स्वतः पाहत होता.

जिजाईची चप्पल

श्रद्धेच्या गोष्टीत शंकेलाही जागा असणं आम्हा मराठी माणसांना नवं वाटू नये. १९३६ मध्ये प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये दामले-फत्तेलालांनी काय केलं? विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम भक्तीत बुडालेला, आणि त्याच्यासमोर गौरीची जिजाई. घरात दाणा नाही, पोर तापलंय, नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय. ती पोराचा हात धरते, दुसऱ्या हातात चप्पल घेते आणि देवाला जाब विचारायला देवळात शिरते. तिचं सगळं खरं आहे. दिग्दर्शकांनी तिला कुठेही मूर्ख ठरवलेलं नाही. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातो आणि जिजाई मागे राहते. मुंबईत हा सिनेमा एका थिएटरात वर्षभराहून अधिक चालला, १९३७ मध्ये व्हेनिसलाही गौरवला गेला. माझ्या आजीची विठ्ठलावर जेवढी श्रद्धा तेवढंच जिजाईवर प्रेम होतं, आणि या दोन्हींत तिला कधी अडचण वाटली नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेतही ही समज जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात श्रोते अडवतात, प्रश्न विचारतात, आणि कथा त्या प्रश्नांना धरून पुढे जाते. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनं झाली, तीही श्रोत्याच्या शंकांची वाट धरूनच. आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’! नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, बाई वर्षानुवर्षं माहेरच्या-सासरच्या माणसांत होरपळल्या, सोवळं-ओवळं हळूहळू सुटत गेलं, मग त्या स्वतःच्या वाटेने आल्या. त्यात कोणालाही धर्म स्वीकारायचा आग्रह नाही. तरी ते वाचून ख्रिस्ती श्रद्धेबद्दल जेवढा आदर मराठी घरांत निर्माण झाला, तेवढा कुठल्याही प्रचारपत्रकाने झाला नसेल. विजया मेहतांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपटही केला.

ख्रिस्ती सिनेमाने या मातीत सर्वांत मोठा परिणाम कोणावर केला असेल तर तो दादासाहेब फाळक्यांवर. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला. १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लिहिलं आहे की पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण उभे राहत होते. पुन्हा पाहायला ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. त्यांचा धर्म बदलला नाही, आयुष्य बदललं, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. चांगला सिनेमा माणसाला पटतो तेव्हा तो कुठे घेऊन जाईल हे काढणाऱ्याच्या हातात राहत नाही. प्रचार करणाऱ्याला नेमकी हीच भीती वाटते.

धाकटा याकोब

अमेरिकेतही गेल्या काही वर्षांत फरक पडतोय. २०१८ च्या ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’मध्ये मारझोड करणारा बाप (डेनिस क्वेड) देवाकडे वळतो, मुलासाठी नाश्ता करून बसतो, तेव्हा मुलगा संतापतो. देवाने तुला क्षमा केली असेल, मला जमणार नाही, अशा अर्थाचं सुनावून उठतो. हा नकार सिनेमाने घाईने मिटवला नाही. ७० लाख डॉलरच्या या सिनेमाने अमेरिकेत ८ कोटींच्या वर कमावले. श्रद्धावान प्रेक्षकाला कठीण गोष्ट झेपत नाही, ही समजूत खोटी ठरली.

‘द चोझन’ ही येशू आणि त्याच्या शिष्यांवरची मालिका तर आणखी पुढे गेली. दिग्दर्शक डॅलस जेनकिन्स यांचा २०१७ चा सिनेमा आपटला होता. मग त्यांनी सामान्य माणसांकडून पैसे उभे केले. सुमारे १६ हजार जणांनी १ कोटी डॉलरच्या वर दिले आणि २०१९ मध्ये पहिला भाग निघाला. मालिका फुकट पाहता येते. पैसे इथेही श्रद्धावानांचेच. पण लेखकांनी मत्तयला, पेत्राला, मग्दालीया मरियेला त्यांच्या अडचणींसकट जगू दिलं.

तिसऱ्या पर्वात येशू बारा जणांना दोघादोघांनी पाठवतो: जा, आजारी माणसांना बरं करा. धाकटा याकोब मागे रेंगाळतो. हे काम करणारा जॉर्डन वॉकर रॉस खरोखरच पायाने अधू आहे. त्याचं लंगडणं बघूनच जेनकिन्स यांनी ते पात्राला दिलं. तो विचारतो, मी लोकांना बरं करायचं, आणि मला मात्र तुम्ही बरं केलं नाही? जोनाथन रूमीचा येशू टाळत नाही. बराच वेळ बोलतो, आपला त्याच्यावर किती भरवसा आहे ते सांगतो. पाय तसाच राहतो. नगरच्या मावशींच्या प्रश्नाला मला पडद्यावर सापडलेलं हेच सगळ्यात सरळ उत्तर.

हा प्रसंग मी नगरच्या तरुण संघातल्या मुलांना दाखवला. नाताळसाठी ते वीस मिनिटांचा लघुपट करताहेत. पटकथा लिहिणारी मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या गोष्टीत आई आजारी आहे, घरात प्रार्थना चालते, आणि आई बरी होत नाही. वडीलमंडळींपैकी दोघांचं म्हणणं, नाताळचा सिनेमा आहे, शेवटी आई उठून बसलेली दाखवा. ती ऐकायला तयार नाही. “आमच्या घरात नाही उठली,” एवढंच म्हणाली. पाळकसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला: गोष्ट तिची, ती लिहील तशी करा, मात्र मोठ्या भावाला, जो चर्चला यायचा बंद झालाय, त्याला वाईट माणूस करायचा नाही, त्याचं म्हणणं पूर्ण येऊ द्या. चित्रण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सावेडीतल्या एका घरात. भावाच्या कामासाठी त्यांना अजून कोणी मिळालेलं नाही.